‘तुमच्या वतीने’ फी भरली म्हणजे नक्की कोणी भरली?

गोदाकाठ
द्राक्षाच्या क्रेटची नोंद ब्लॉकचेनवर (लिहिलेलं पुसता न येणाऱ्या सामायिक वहीवर) ठेवणाऱ्या एका अ‍ॅपचं मराठी करतोय. वॉलेट, म्हणजे त्या वहीवरचं खातं, शेतकऱ्याचं, सहीही त्याचीच; पण वॉलेटात दमडी नाही. दर नोंदीला जी फी पडते ती कंपनी भरते. मी लिहिलं होतं : ‘तुमच्या वतीने व्यवहार शुल्क प्रायोजित केले आहे.’ परवा दिंडोरीकडच्या एका काकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘मग पट्टीतून कधी कापणार?’’ (पट्टी म्हणजे माल विकल्यावर मिळणारी हिशेबाची चिठ्ठी.)

या भरणाऱ्याला आणि भरण्याला काय म्हणावं?

कोशकीडा
काकांनी अचूक वाचलं. ‘मंडळाच्या वतीने सत्कार’ म्हटलं की शाल-नारळाचा खर्च मंडळाच्या वहीत जातो. ‘अशिलाच्या वतीने’ वकील बोलतो, पण बोलणं अशिलाला बांधतं. म्हणजे ज्याच्या वतीने, त्याच्या नावावर. ‘तुमच्या वतीने फी भरली’ याचा मराठीत सरळ अर्थ, तुमच्या खात्यावर मांडली. तुम्हाला म्हणायचंय नेमकं उलट.

‘प्रायोजित’बद्दल काय बोलू! मांडवाच्या कमानीवर ज्याचा फोटो देवापेक्षा मोठा असतो तो प्रायोजक.

पिंपळगावकर
बाजार समितीत आयुष्य गेलं. हमाली, तोलाई, वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याचे पैसे), सगळं आधी कोणीतरी भरतंच, आणि मग पट्टीवर उतरतं. ‘आम्ही भरलंय, तुम्ही काळजी करू नका’ हे वाक्य शेतकरी ऐकतो तेव्हाच तो काळजी करायला लागतो.

देवळालीकर
अशा दुसऱ्याची फी भरणाऱ्याला इंग्रजीत पेमास्टर म्हणतात ना? फौजेत पेमास्टर म्हणजे पगार वाटणारा. मूळ शब्दच ढिला आहे, त्याच्या मागे कशाला लागता.

साखळीवाला
शब्द ठरवण्याआधी गोष्ट कशी चालते ते सांगतो, नाहीतर चुकीचा शब्द चिकटेल.

सोलाना नावाच्या ब्लॉकचेनवर प्रत्येक व्यवहारात पहिली सही फी भरणाऱ्याची असते. मूळ फी सहीमागे ५,००० लॅम्पोर्ट (लॅम्पोर्ट म्हणजे तिथल्या नाण्याचा सर्वांत छोटा भाग). कंपनीची एक आणि शेतकऱ्याची एक, अशा दोन सह्या झाल्या की १०,०००, आणि ते सगळे कंपनीच्या खात्यातून. स्टेलर या दुसऱ्या ब्लॉकचेनवर पाकिटात पाकीट : आतलं शेतकऱ्याने सही करून बंद केलेलं, बाहेरच्यावर दुसऱ्याची सही आणि फी. इथेरियम या तिसरीवर पूर्वापार ज्याची सही त्याचीच फी. त्यावर वाट काढली ती इआरसी-४३३७ या मानकाने. त्याचा एन्ट्रीपॉइंट करार (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) मार्च २०२३ मध्ये मुख्य साखळीवर आला. तिथे पेमास्टर आगाऊ रक्कम ठेवतो आणि कोणाची फी भरायची याचे नियम स्वतः लिहितो. नियम ढिले ठेवले तर फुकटे ती रक्कम धुऊन नेतात.

लक्षात घ्या, भरणारा फक्त भरतो किंवा नाही म्हणतो. शेतकऱ्याच्या नोंदीतलं एक अक्षर त्याला बदलता येत नाही. म्हणून ‘मुखत्यार’ नको. उधारीही नाही, म्हणून ‘जामीन’ नको. साखळीवर चढलेला व्यवहार पुढे फसला तरी फी जातेच, आणि तीही भरणाऱ्याचीच.

पंचवटी
मग ‘यजमान’? रामकुंडावर विधी गुरुजी करतात, दक्षिणा यजमान देतो.

कोशकीडा
मोहात पडलो होतो, पण नाही. संस्कृतात ‘यजति’ म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, ‘यजते’ म्हणजे स्वतःसाठी. यजमान हा ‘यजते’तला, पैसे त्याचे आणि फळही त्याचंच. इथे पैसे एकाचे, फळ दुसऱ्याचं. (परस्मैपद-आत्मनेपद शाळेत घोकलं ते आज पहिल्यांदा कामाला आलं.)

सातपूर
पदरमोड!

कोशकीडा
सुंदर शब्द, पण पदरमोडीत पोटाला चिमटा असतो. मास्तरांनी पदरमोड करून वाचनालय चालवलं, असं. कंपनी गिऱ्हाईक टिकवायला फी भरते. एखाद्या स्वयंसेवी गटाने भरली तर खुशाल म्हणा.

‘बैरंग’ही आठवला, पण तिथे पत्र घेणारा भुर्दंड भरतो. उलटंच.

पिंपळगावकर
अहो, गाडी ठरवताना आपण काय म्हणतो? ‘डिझेल मालकाकडे, टोल पार्टीकडे.’ लग्नात ‘बँड मुलाकडे, जेवण मुलीकडे.’ वाराईचंही तसंच, सौद्याआधी विचारतात, ‘वाराई कोणाकडे?’ एकदा असं ठरलं की त्यात कोणी उपकार करत नाही आणि नंतर कापतही नाही. ‘फी कंपनीकडे’ म्हणा आणि मोकळे व्हा.

साखळीवाला
हे चपखल आहे. मर्यादाही त्यातच सांगता येते : ‘महिन्याला पन्नास नोंदींपर्यंत फी कंपनीकडे, पुढची तुमच्याकडे.’ कॉसमॉस या ब्लॉकचेनवर दुसऱ्याची फी भरायची फीग्रँट नावाची सोय आहे, तिच्यात अशीच रकमेची आणि मुदतीची हद्द घालतात.

कोशकीडा
एकच धोका. ‘फी कंपनीकडे’ हे ‘फी कंपनीकडे जमा करा’ असंही वाचलं जाईल. सुटं वापरू नका, जोडीने वापरा.

गोदाकाठ
आज बदललं : ‘नोंदीची फी कंपनीकडे. तुमच्या पट्टीतून काही कापणार नाही.’ बटणावर नुसतं ‘नोंद करा’. व्यक्तीसाठी साधं ‘फी भरणारा’. डेव्हलपरांच्या पडद्यावर पेमास्टर राहू दिला, ते ऐकत नाहीत.

काकांना पुन्हा दाखवलं. वाचलं, नोंद केली. मग म्हणाले, ‘‘वाराईचं पण यात टाकता येईल का?’’