स्टायरीनच्या भिंती आत का वाकतात

स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटपासून बनवलेल्या, १:८७ मापाच्या (खऱ्याच्या ८७ पट लहान) रेल्वे मालडब्याच्या बंद मॉडेलच्या बाजू जोडल्यावर दोन आठवड्यांनी आत ओढल्या गेल्या, त्याला कुणीतरी उन्हाचं कारण दिलंय. मला तसं वाटत नाही. दोष बहुधा सॉल्व्हंटचा, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ द्रवाचा आहे. बाजूसाठी शीटचे दोन थर एकावर एक चिकटवताना ते मध्ये अडकतं, शीट मऊ करतं आणि हळूहळू उडत राहतं. त्यात डबा चारी बाजूंनी बंद असेल तर वाफ बाहेर जाणार कुठून?

म्हणून आतल्या थराला दर २५ मिमीवर २ मिमीचं भोक पाडा आणि तळालाही दोन-तीन ठेवा. सॉल्व्हंट भरपूर ओतू नका. ब्रशचं टोक कडेला टेकवलं की ते फटीत आपोआप ओढलं जातं. दोन्ही थर सारख्याच जाडीचे घ्या. जोडल्यावर काचेवर वजनाखाली किमान २४ तास ठेवा, घाई अजिबात नको. १ मिमीच्या बाजूंना दर ४० मिमीवर आतून आधाराला आडवी फळी हवीच. आता वाकलेल्या डब्यालाही तळातून भोकं पाडून आत फळ्या बसवता येतील.

रंगाआधी भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मग राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला हात). सांध्याच्या रेषा त्यावरच दिसतात. पावसाळी दमट हवेत लॅकर (सॉल्व्हंटमधला लवकर वाळणारा रंग) फवारू नका: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ पडतो. डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची अक्षरं-चिन्हं) चमकदार क्लिअरवरच, म्हणजे पारदर्शक थरावरच लावा. मॅटच्या (बिनचमकीच्या) खडबडीत थरावर खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. मॅट शेवटी.