१६२ मॅचेस! मॅरिनर्सचा अख्खा सीझन फॉलो कसा करता तुम्ही लोक?

ओवी_रेडमंड
नमस्कार मंडळी. सिएटलच्या बाजूला राहून बरीच वर्षं झाली पण बेसबॉलकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ऑफिसच्या लोकांबरोबर मॅरिनर्स या इथल्या बेसबॉल टीमच्या मैदानावर, टी-मोबाइल पार्कला जायचं, गार्लिक फ्राइज खायच्या आणि पार्किंगची गर्दी नको म्हणून सातव्या इनिंगला निघायचं, एवढाच संबंध. पण २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पार वाट लागली. प्लेऑफमधली (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) डेट्रॉइटविरुद्धची ती १५ इनिंग्जची मॅच, एरवी ९ च असतात, शेजाऱ्यांकडे बघितली आणि मग टोरंटोची सिरीज एकही बॉल न सोडता. शेवटचा, निर्णायक गेम ७ नेमका २० तारखेच्या संध्याकाळी, इकडे लक्ष्मीपूजन, घरात पाहुणे, मी नैवेद्याचं ताट घेऊन टीव्हीसमोर उभी आणि सातव्या इनिंगला टोरंटोच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होमरन ठोकला. तोपर्यंत ३-१ पुढे होतो हो! मी अशी ओरडले की सासूबाई बाहेर येऊन विचारतायत, कोणाचा फोन आला का गावाकडून.

तर आता मार्चअखेरीला नवा सीझन सुरू होतोय आणि मला यावेळी पहिल्यापासून नीट फॉलो करायचंय, पण कॅलेंडर बघून डोळे फिरले. १६२ मॅचेस, जवळजवळ रोज एक, एप्रिल ते सप्टेंबर. नोकरी आहे, दोन पोरं आहेत, नवऱ्याचं आयपीएलही त्याच दिवसांत. तुम्ही खरंच सगळ्या बघता का? काय बघायचं, काय सोडायचं? आकडे किती कळायला हवेत?

किंगडोम_काका
ओवीताई, स्वागत आहे दुःखी मंडळात. मेजर लीगच्या ३० टीम्सपैकी वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, आजवर एकदाही न पोचलेली ही एकमेव टीम आहे, १९७७ पासून. २००१ला ११६ मॅचेस जिंकल्या, १९०६च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी, आपला इचिरो पहिल्याच वर्षी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), आणि तरी ऑक्टोबरमध्ये यांकीजनी घरी पाठवलं. त्यानंतर प्लेऑफ दिसायला २०२२ उजाडलं.

सगळ्या मॅचेस कोणीच बघत नाही आणि बघूही नयेत. १६२ म्हणजे रोज रात्रीची सिरियल आहे, चार एपिसोड चुकले तरी गोष्ट कळते. चांगली टीमसुद्धा सहसा साठेक मॅचेस हरतेच, २०२५ला आपण डिव्हिजन (आपला गट) जिंकली ती ९० जिंकून आणि ७२ हरून. त्यामुळे एका मॅचचा निकाल मनाला लावून घ्यायचा नाही, हिशोब सिरीजचा ठेवायचा. एका टीमशी सहसा ओळीने ३ मॅचेस असतात, त्यातल्या २ जिंकल्या की छान झोप.

पण उलट बाजूने हेही लक्षात ठेवा की एप्रिलमधली कुठलीतरी फालतू मंगळवारची मॅच सप्टेंबरमध्ये मानगुटीवर बसते. २०२३ला ८८ जिंकून एका मॅचने प्लेऑफ हुकला, २०२४ला ८५ जिंकून परत एकाच मॅचने. तेव्हा मी बसून आठवत होतो की कुठल्या कुठल्या मॅचेस बुलपेनने (नंतर येणाऱ्या बदली पिचर्सनी) हातातोंडाशी आलेल्या घालवल्या, आणि यादी संपेना.

माझी पद्धत सांगतो. एक पिचर (बॉल टाकणारा) धरा. पाच जणांचं रोटेशन असतं, म्हणजे प्रत्येकाची पाळी पाचसहा दिवसांनी येते. मी ब्रायन वूच्या मॅचेस पहिल्या बॉलपासून बघतो, बाकीच्या रेडिओवर भांडी घासताना. बेसबॉल रेडिओवरच जास्त चांगला लागतो असं माझं ठाम मत आहे, बायकोचं मत वेगळं आहे. तुम्ही कर्बी घ्या, गिल्बर्ट घ्या, कोणीही घ्या, पण एकाला सहा महिने धरून ठेवलंत की पिचिंग आपोआप कळायला लागतं: तिसऱ्यांदा तोच बॅट्समन समोर आला की हा काय बदलतो, थकला की त्याचा स्लायडर (वळणारा बॉल) कसा मधोमध लटकतो, सगळं.

पुणे_३८
मी सिएटल सोडून परत आलोय पण टीम सुटली नाही. इकडे उलट सोयीचं पडतं बघा, तिकडची संध्याकाळी ७:१०ची मॅच म्हणजे आपली सकाळी ७:४०. चहा, पोहे, मॅच. पूर्वी हे जमायचं नाही पण २०२३पासून पिच क्लॉक (बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आल्यापासून मॅच सरासरी २ तास ४० मिनिटांत आटपते, त्यामुळे दहाच्या मीटिंगपर्यंत आठवी इनिंग तरी होतेच. टीम ईस्ट कोस्टला गेली की मात्र पहाटे चार-साडेचारला सुरू, त्या मी सरळ सोडतो आणि नंतर कंडेन्स्ड गेम बघतो, दहा-पंधरा मिनिटांत सगळ्या महत्त्वाच्या बॉल्सचा निकाल.

ओवी, तुमच्यासाठी एक महत्त्वाचं, एमएलबी टीव्हीचं नेहमीचं पॅकेज घेऊन बसू नका, वॉशिंग्टन राज्यात त्यावर मॅरिनर्सच्याच लाइव्ह मॅचेस ब्लॅकआउट असतात, दाखवतच नाहीत. म्हणजे मी कोथरूडमध्ये बसून बघणार आणि तुम्ही स्टेडियमपासून अर्ध्या तासावर राहून नाही, असला उरफाटा कारभार. लोकल पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. ऑडिओला ती भानगड नाही, आणि स्वस्त पण पडतं.

आणि एप्रिलमध्ये बॅटिंग बघून घाबरू नका. त्या पार्कात थंड दमट हवेमुळे बॉल जातच नाही, रन काढायला सगळ्यात अवघड मैदानांमध्ये धरतात ते. आपला स्टार बॅटर हुलिओ रॉड्रिगेझ तर दरवर्षी मे महिन्यापर्यंत झोपलेला असतो, लोक शिव्या घालतात, मग जुलै-ऑगस्टमध्ये असा सुटतो की विचारू नका.

मिसिसागाची_मावशी
टोरंटोकडून सप्रेम नमस्कार 😄 स्प्रिंगर आमचाच हं.

किंगडोम_काका
मावशी, पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनी तुमचं काय केलं ते पण लिहा ना. गेम ७, तुमच्याच घरच्या मैदानावर, ११ इनिंग्ज.

मिसिसागाची_मावशी
जखमेवर मीठ! नवव्या इनिंगला दोन आउट बाकी होते हो फक्त, मग डॉजर्सच्या रोहासचा होमरन... जाऊ दे. ओवी, मी स्कोअरकार्ड लिहिते, वही करून. सोपं आहे, प्रत्येक जागेला नंबर, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७-८-९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंडला दिला आणि तिथून फर्स्टला, दोन्ही आउट, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन आउट) इंग्रजी के, आणि बॅट्समन नुसता बघत राहिला तर तोच के उलटा काढायचा. माझ्या नातवाला उलटा के काढायला इतकं आवडतं की तो आमचा बॅट्समन असला तरी खूश. पोरांना सोबत घेऊन बसायचं असेल तर याच्यासारखं काही नाही, मोबाइल मागत नाहीत.

ओवी_रेडमंड
वही आजच आणते! स्टँडिंग्जमध्ये ते जीबी म्हणून असतं ते काय? आणि त्या चेटकिणीचं खरं का, ऑफिसात सगळे हसत होते.

पुणे_३८
जीबी म्हणजे गेम्स बिहाइंड, पहिल्या नंबरच्या टीमच्या किती मॅचेस मागे. मे महिन्यात बघूच नका, ऑगस्टपासून रोज बघा. जुलैअखेरीच्या सुमाराची ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) मात्र चुकवायची नाही, २०२५ला तेव्हाच अॅरिझोनाकडून नेलर आणि सुआरेझ हे बॅटर आले म्हणून पुढचं सगळं घडलं. सुआरेझचा टोरंटोविरुद्धच्या गेम ५चा ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) आठवतोय ना.

चेटकीण खरी 😂 सप्टेंबरमध्ये टीम घसरत होती तेव्हा एका फॅनने एट्सी या खरेदीच्या वेबसाइटवर पैसे भरून चेटकिणीकडून मंत्र टाकून घेतला, आणि मग ओळीने १० मॅचेस जिंकल्या, ह्यूस्टनला त्यांच्या घरात जाऊन तिन्ही हरवल्या, २००१नंतर पहिल्यांदा डिव्हिजन. आपल्याकडे लिंबू-मिरचीत झालं असतं काम. आणि मधल्या ब्रेकमध्ये ते साल्मनचे पोशाख घालून पळतात ना, त्यातला हम्पी कायम हरायचा, तो आयुष्यात पहिल्यांदा जिंकला ते नेमकं त्या डेट्रॉइटच्या १५ इनिंग्जच्या मॅचला. योगायोग म्हणा हवं तर.

किंगडोम_काका
त्या मॅचवरून आठवलं, एरवीच्या सीझनमध्ये दहाव्या इनिंगपासून सेकंड बेसवर एक रनर फुकट उभा करतात म्हणून मॅच लवकर मिटते. प्लेऑफमध्ये तो नियम नाही, म्हणून ती पाच तास चालली. मला तो फुकटचा रनर अजिबात पटत नाही पण माझं कोण ऐकतंय. अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर चॅलेंज मात्र आवडलंय, २०२६पासून लागू. आपला डीआरएसच, फक्त कॅप्टन नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर स्वतःच डोक्यावर थापटी मारून मागणार, बाहेरून कोणी खुणा करायच्या नाहीत. टीमला दोन मिळतात, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. कॅल रॅली कॅचर असल्याने आपला फायदा व्हावा. ६० होमरन मारणारा कॅचर, याआधी कुठल्या कॅचरने पन्नाससुद्धा मारले नव्हते, आणि तरी एमव्हीपी यांकीजच्या जजला दिला, त्यावर वेगळा धागा काढू.

ओवी_रेडमंड
ठरलं, कर्बी धरते. ओपनिंग डेची तिकिटं काढू का चौघांची?

किंगडोम_काका
नको, महाग असतात आणि पोरं थंडीने कुडकुडतील. शाळा सुटली की बुधवारची दुपारची मॅच बघा, टीमला त्याच दिवशी पुढच्या गावाला निघायचं असतं म्हणून त्या दुपारी ठेवतात, तिकीटही बऱ्याचदा स्वस्त. खाणं घरून नेलेलं चालतं, पोळीभाजीचे रोल करून न्या, पाण्याची बाटली सीलबंद हवी. आत भाजलेले टोळ विकतात तिखटमीठ लावून, ते सासूबाईंना आधी सांगून ठेवा. छप्पर सरकतं असल्यामुळे पावसाने मॅच रद्द व्हायची भीती नाही, पण बाजू उघड्याच राहतात, तेव्हा जून असला तरी जॅकेट न्या.