जाळी बसवूनही अंग पुन्हा खाली येते, असे का?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ६७ आहे. मूत्राशय खाली सरकल्यामुळे आठ वर्षांपूर्वी योनीमार्गातून आधाराची कृत्रिम जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर बरीच वर्षे तिला कसलाही त्रास नव्हता. गेल्या काही महिन्यांपासून मात्र संध्याकाळ होता होता खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते आणि शौचास जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही. जाळी सुटली असणार, असे आईने ठरवूनच टाकले आहे. कायमची बसवलेली जाळी अशी सुटते का, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावीच लागते का?

प्रतिसाद १:
मी स्त्रीरोग विभागात काम करते. जाळी सुटली असे तपासणीआधी धरून चालू नये. मूत्राशयासाठी घातलेली जाळी योनीच्या पुढच्या भिंतीला आधार देते. मागची भिंत आणि वरचे टोक मात्र पूर्वीइतकेच कमकुवत राहतात, त्यामुळे खोकताना किंवा कुंथताना येणारा दाब तिकडे वळतो आणि पुढची भिंत जागेवर असतानाही नवा फुगवटा तयार होतो. शौचाची तक्रार पाहता मला मागच्या भिंतीची शंका येते. शिवाय बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हाडापासून सुटला असेल, तर ती इजा जाळीने भरून निघत नाही. तपासताना जोर करायला लावून कोणता भाग किती सेंटिमीटर खाली येतो ते मोजतात. आडवे झोपून फुगवटा दिसला नाही, तर उभे राहून तपासण्याचा आग्रह जरूर धरावा.

प्रतिसाद २:
रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा टोचल्यासारखे दुखणे आहे का, हे आईंना स्पष्ट विचारा; संकोचापायी मी स्वतः ते वर्षभर सांगितले नव्हते. माझ्या बाबतीत जाळीची कड योनीच्या त्वचेतून उघडी पडली होती. उघडी पडलेली जाळी आणि पुन्हा खाली आलेले अंग या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी त्या एकाच वेळी असू शकतात. मला आधी इस्ट्रोजेनचे मलम दिले आणि कड झाकली गेल्यावरच आधाराची रिंग, म्हणजे अंग वर धरून ठेवणारे योनीत घालायचे कडे, बसवली. दुसरी शस्त्रक्रिया मी अद्याप केलेली नाही.

प्रतिसाद ३:
या जाळीबद्दल २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा) दोन्ही बाजू दिसतात. जाळीविना केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत फुगवटा पुन्हा जाणवण्याचे आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण जाळीमुळे कमी झाले, परंतु सुमारे १२ टक्के स्त्रियांमध्ये जाळी उघडी पडली. ती दुरुस्ती आणि लघवी गळण्यावरील शस्त्रक्रिया धरल्यास एकूण पुनर्शस्त्रक्रिया जाळीच्या गटातच अधिक निघाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या उपयोगासाठीच्या योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. तरीही, आधी बसवलेली जाळी त्रास देत नसेल तर ती केवळ या बातमीमुळे काढून घेऊ नये. काढण्याची शस्त्रक्रिया स्वतःच अवघड असते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही, हे फुगवट्याच्या आकारापेक्षा आईंना त्याचा किती त्रास होतो यावर ठरावे. तोवर बद्धकोष्ठतेवर उपचार करावेत.

प्रश्नकर्ती:
आज तपासणी झाली. जाळी जागेवर आणि झाकलेली आहे; फुगवटा मागच्या भिंतीचा आहे. पुढील आठवड्यात रिंगचे माप घेणार आहेत. रिंग काढून स्वच्छ करणे आईला स्वतःला जमेल का, एवढेच आता विचारायचे आहे.

प्रतिसाद २:
मला तिसऱ्या खेपेस जमले. माप घेतानाच नर्सकडून समोर करून घ्या, आणि रिंग बसवल्यावर चालून, खोकून व लघवी करून पाहिल्याशिवाय तेथून निघू नका.