नेवार्क ते मुंबई 2,405 किलोमीटर?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आपल्या मराठी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी अमेरिकेतील नेवार्क ते मुंबई हे हवाई अंतर मुलांकडून एक्सेलमध्ये काढून घेत आहे. नेवार्क विमानतळाचे अक्षांश 40.69 व रेखांश 74.17, तर मुंबईचे 19.09 व 72.87 घेऊन हॅवरसाइन सूत्र (गोलावरील दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर काढण्याचे सूत्र) लावले असता उत्तर 2,405 किलोमीटर येते. अंशांचे रेडियन केले आहेत आणि सूत्रही तीनदा ताडून पाहिले आहे. ज्या प्रवासात दोन जेवणे आणि एक झोप सहज होते, तो इतका जवळचा कसा? चूक कोणाच्या लक्षात आल्यास कृपया कळवावे.

आपली,
शाळेची एक शिक्षिका

*

सप्रेम नमस्कार,

सूत्र बरोबर आहे, विमान मात्र भलत्याच गावाहून सुटले आहे. 74.17 हा पश्चिम रेखांश असल्याने त्याला उणे चिन्ह हवे; ते राहून गेल्यामुळे आपले नेवार्क किरगिझस्तानच्या डोंगरांत जाऊन बसले, आणि तेथून मुंबई खरोखरच तेवढ्या अंतरावर आहे. उणे 74.17 लिहिताच रेखांशांतील फरक 1.30 ऐवजी 147.04 अंश होईल आणि, पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरल्यास, उत्तर 12,546 किलोमीटर, म्हणजे सुमारे 7,796 मैल येईल. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. भित्तिपत्रकाला तेवढा चालावा.

मुलांना एक गोष्ट अवश्य करायला लावावी. वर्गातल्या मर्केटर नकाशावर, म्हणजे अक्षांश-रेखांश सरळ उभ्या-आडव्या रेघांनी दाखवणाऱ्या जगाच्या सपाट नकाशावर, पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अटलांटिक ओलांडून उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानावरून मुंबईला पोहोचते, आणि त्या वाटेची लांबी सुमारे 14,240 किलोमीटर भरते. त्याच दोन ठिकाणांमध्ये पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून आणि आइसलंडवरून तो जवळजवळ 65 अक्षांशापर्यंत चढतो, मग सेंट पीटर्सबर्गच्या आसपास खाली वळून मध्य आशियातून मुंबईला उतरतो. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट जवळपास 1,700 किलोमीटरनी जवळची आहे.

अर्थात विमान या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. वाऱ्याचा हिशेब असतोच. शिवाय रशियाचे आकाश 2022 पासून अमेरिकी विमानकंपन्यांना बंद असल्याने त्यांना वळसा घ्यावा लागतो. म्हणून पत्रकावर ‘किमान अंतर’ असे लिहावे.

आपला,
एडिसन (न्यू जर्सी) येथील एक सभासद

*

सप्रेम नमस्कार,

उणे चिन्ह घातले आणि 12,546 आले. दोरा ताणताना दोन मुलांनी आइसलंडवर बोट दाबून धरले होते, कारण तो तेथून जाईल यावर त्यांचा विश्वास बसेना. बोट काढल्यावरही तो तेथेच राहिला. पहिले उत्तर मुलांनी पुसू दिले नाही. ते पत्रकाच्या कोपऱ्यात ‘किरगिझस्तान ते मुंबई’ या मथळ्याखाली राहील.

आपली,
शाळेची एक शिक्षिका