परदेशातील लांबच्या प्रवासासाठी भाड्याची मोटरसायकल: आधी ताकद पाहावी की वजन?

एकांडा:

परदेशात भाड्याने मोटरसायकल घेऊन मोठा पल्ला गाठू इच्छिणारे बहुतेक जण शोधाची सुरुवात सीसीपासून करतात. प्रवास लांबचा, म्हणजे इंजिनही मोठे हवे, असा हा हिशेब असतो आणि तो मला पटत नाही. भाड्याच्या गाडीशी आपली ओळख जेमतेम काही दिवसांची असते. क्लच कोठे धरतो, पुढचा ब्रेक किती कडक आहे, सामानाच्या पेट्या भरल्यावर गाडी वळणावर किती जड होते, हे सारे आपण अनोळखी रस्त्यावर, कित्येकदा सवय नसलेल्या बाजूने गाडी हाकत शिकत असतो. म्हणून जी गाडी उभी असतानाही आपल्याला आवरते, तीच घ्यावी असे माझे मत आहे.

आकडे पाहा. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस पेट्रोलसह सुमारे २४९ किलोंची असून तिच्या सीटची उंची ८५० मिलिमीटरपासून सुरू होते. होंडा सीबी ५०० एक्स दोनशे किलोंच्या आत बसते आणि तिची सीट ८३० मिलिमीटरवर आहे; रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०चे वजन १९६ किलो. हा पन्नासेक किलोंचा फरक गाडी धावत असताना फारसा कळत नाही. तो कळतो उतारावरच्या खडीत गाडी मागे ढकलताना किंवा साइड स्टँड मऊ मातीत हळूहळू रुतून गाडी आडवी होते तेव्हा. पडलेली जड गाडी उचलण्याची एक ठरलेली रीत आहे: गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचे, एका हाताने जमिनीकडची मूठ आणि दुसऱ्याने मागची फ्रेम पकडायची, पाठ सरळ ठेवायची आणि मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावले मागे टाकत जायचे. डांबरावर ही रीत साधते. ओल्या खडीत बूट घसरत असतील आणि गाडी उताराच्या अंगाला पडली असेल, तर पेट्या सोडवून कोणी येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज एकट्याच्या हाती काही उरत नाही.

इटलीतील स्टेल्व्हियो घाट २,७५७ मीटर उंचीवर जातो आणि प्रातोच्या बाजूने चढताना ४८ हेअरपिन वळणे घ्यावी लागतात. तेथे आर १२५० जीएसची १३६ अश्वशक्ती वापरायला जागा कोठे आहे, हे मोठ्या गाड्यांच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.

दूरपल्ला:

सांगतो. एकांडा यांनी आपल्या नावाला साजेसा युक्तिवाद केला आहे. त्यात मागे बसणारी व्यक्ती कोठेच नाही.

प्रत्येक गाडीला सामान आणि माणसांसह एकूण अनुज्ञेय वजनाची मर्यादा असते आणि भाड्याने गाडी घेणारे ती क्वचितच पाहतात. बीएमडब्ल्यूचीच लहान जी ३१० जीएस घ्या. तिची मर्यादा ३४५ किलो आहे आणि पेट्रोलसह गाडीचेच वजन १७० ते १७५ किलो भरते. म्हणजे उरले जेमतेम १७० किलो. प्रत्येकी ७५ किलोंची दोन माणसे, त्यांची हेल्मेट, जाकिटे आणि बूट एवढ्यातच हा कोटा संपतो. पेट्या आणि त्यांतले सामान अजून हिशेबात धरलेलेच नाही. आर १२५० जीएसची मर्यादा ४६५ किलो आहे, म्हणजे तिच्यावर २१६ किलो लादता येतात. मर्यादा ओलांडलेल्या गाडीचे मागचे सस्पेन्शन बसते, पुढचे चाक हलके पडते, ब्रेक लागायला अंतर अधिक लागते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला आयते कारण मिळते.

दुसरे असे, की लांबच्या प्रवासात घाट हा थोडा भाग असतो. स्टेल्व्हियोला पोहोचण्यापूर्वी आणि तेथून उतरल्यावर महामार्ग आहेच. ताशी १२० किलोमीटरच्या वाहतुकीत ३०० सीसीची गाडी जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर धावत असते. ट्रक ओलांडताना हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. संध्याकाळी अंगात उरलेली थरथर आणि कानातला वारा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वळणावर हिशेब चुकता करतात. थकवा हाच प्रवासातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि मोठी गाडी तोच कमी करते. शिवाय गाडीच्या कलण्याचा अंदाज घेऊन ब्रेक सांभाळणारे एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, लहान गाड्यांमध्ये अजूनही सहसा आढळत नाही.

एकांडा:

दोघे असतील तर वजनमर्यादेचा मुद्दा निर्णायक आहे, यात वाद नाही. पण त्यातून मधल्या वर्गाच्या गाड्या बाद ठरत नाहीत. मी ३०० सीसीची तरफदारी केलेली नाही. सीबी ५०० एक्सचे ४७१ सीसीचे इंजिन महामार्गावर दिवसभर न कुरकुरता चालते. एकट्या प्रवाशाला दोनशे किलोंपलीकडची गाडी कशासाठी हवी, हा माझा प्रश्न अजून उभाच आहे. थकव्याचे म्हणाल, तर दिवसातून दहा वेळा अडीचशे किलोंची गाडी काढ-घाल करण्यानेही माणूस थकतोच.

करारवाचक:

आपण दोघेही दुकानाच्या काचेतून गाडी पाहत आहात. भाड्याची गाडी आधी कागदावर निवडावी लागते.

पहिला कागद परवान्याचा. युरोपात मोटरसायकलच्या परवान्याच्या श्रेणी शक्तीनुसार आहेत: ए१ला १२५ सीसी व ११ किलोवॅट, ए२ला ३५ किलोवॅट, आणि त्यापुढे पूर्ण ए. आर १२५० जीएस १०० किलोवॅटची आहे. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हे मूळ परवान्याचे भाषांतर असते. मूळ परवान्यात जी श्रेणी नाही, ती त्यामुळे मिळत नाही. त्यातही दोन प्रकार आहेत. रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो, तर १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षे. जो देश केवळ १९६८चा करार मानतो, तेथे १९४९चा परवाना कामाचा नाही; व्हिएतनाम हे त्याचे ठळक उदाहरण. भाड्याने देणारा माणूस पासपोर्ट ठेवून गाडी आनंदाने देईल, कारण अडचण त्याची नसते. ती अपघातानंतर उघड होते, आणि तेव्हा विमा जागेवर नसतो.

दुसरा कागद प्रवास विम्याचा. कित्येक पॉलिसी मूळ स्वरूपात १२५ सीसीपर्यंतच संरक्षण देतात आणि त्यापुढे वेगळा हप्ता घेतात. तिसरा कागद म्हणजे खुद्द करारपत्र. नुकसानीचा कोणता हिस्सा आपल्याला सोसावा लागेल, चाके आणि टायर वगळले आहेत का, दिवसाला किती किलोमीटर मिळतात, देशाची सीमा ओलांडता येते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कच्च्या रस्त्याला मनाई आहे का, हे त्यात पाहावे. अर्जेंटिनाच्या रूटा ४० महामार्गावर गोबेर्नादोर ग्रेगोरेस ते त्रेस लागोस यांमधला खडीचा पट्टा दुचाकीस्वारांत कुप्रसिद्ध आहे. खडीसाठीच बनवलेली उंच गाडी घेऊन तेथे गेलात आणि करारात डांबराबाहेर जाण्याला मनाई असेल, तर ती गाडी तुमच्यासाठी शहरातली स्कूटरच.

तेलपाणी:

करारवाचक यांचे प्रत्येक वाक्य मान्य करूनही एक गोष्ट राहते. त्याच करारपत्रात, नोंदवलेल्या मॉडेलच्या पुढे, ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द बहुधा असतात. आपण घरी बसून मॉडेल ठरवतो आणि हाती येते ती त्या दिवशी उभी असलेली गाडी. तेव्हा मॉडेलवर वाद घालण्यापेक्षा समोरची गाडी तपासता येणे अधिक मोलाचे आहे.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर दगा देते. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राच्या, अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढावी. ती दात उघडे पडण्याइतकी सुटत असेल किंवा दात एका अंगाला वाकलेले असतील, तर लांबच्या प्रवासाला ती पुरणार नाही. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेले आहे. टायर ट्यूबचा की ट्यूबलेस, हेही विचारावे. ट्यूबलेस पंक्चर रस्त्याच्या कडेला मिनिटांत बुजवता येते, ट्यूबसाठी चाक खोलावे लागते.

आणि एकांडा व दूरपल्ला या दोघांनाही न पटणारे माझे मत असे, की ज्या देशात जायचे तेथील माणसे जे चालवतात, तेच घ्यावे. आग्नेय आशियात होंडाची शंभर-सव्वाशे सीसीची क्लचविरहित गाडी कोणत्याही गावात कोणीही दुरुस्त करतो. तिच्यावर वेग मिळत नाही, पण अडकूनही पडत नाही.

दूरपल्ला:

तेलपाणी यांची सव्वाशे सीसीची गाडी घेऊन पामीर महामार्गावर चला. ताजिकिस्तानातील अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे आणि तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्के उरते. इंजिनाची ताकदही ढोबळमानाने त्याच प्रमाणात उतरते. १३६ अश्वशक्तीची पंच्याऐंशीच्या आसपास होते, चाळीसची पंचवीस. सव्वाशे सीसीच्या इंजिनात मुळात नऊ-दहा अश्वशक्ती असते. सामानासह चढावर काय उरेल, याचा हिशेब आपणच करावा.

एकांडा:

पंचवीस अश्वशक्तीत दोनशे किलोंची गाडी आणि एक माणूस व्यवस्थित चढतो, तेव्हा हा हिशेब माझ्या बाजूचाच आहे. त्याच रस्त्यावर मोठ्या गाडीची दुसरी अडचण पेट्रोलची. आर १२५० जीएसला ९५ ऑक्टेनचे, म्हणजे वरच्या दर्जाचे, पेट्रोल लागते, आणि दुर्गम भागात ते मिळेलच असे नाही.

दूरपल्ला:

आणि त्याच पामीर महामार्गावरच्या मुर्गाब ते खोरोग या गावांमधले अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. आपल्या मापाची हलकी गाडी म्हणून कोणी होंडा सीआरएफ ३०० एल घेतली, तर ७.८ लिटरची टाकी लिटरला तीस किलोमीटरने २३४ किलोमीटरच्या पुढे जात नाही. हलकेपणासाठी टाकीही हलकी केलेली असते, हे विसरू नये.

करारवाचक:

जादा कॅन बांधण्यापूर्वी गाडीमालकाची परवानगी ईमेलवर घ्यावी. कॅरिअर वाकला की त्याची भरपाई अनामतीतून वळती होते. आणि गाडी ताब्यात घेताना टाकीखालची बाजू, सायलेन्सर, रिम आणि आरशांची टोके यांचे चित्रीकरण गाडीमालकाच्या समोरच करावे, म्हणजे जुने ओरखडे परतीच्या दिवशी आपल्या नावावर लागत नाहीत.