‘यांत्रिक हातोडा’ की ‘यांत्रिक घण’? आणि एका अनोळखी अवजाराची ओळख

प्रश्न

नमस्कार. जुन्या नाशकातील आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या पेटीत एक लोखंडी अवजार सापडले. दिसायला ते हातोड्यासारखे असून मध्ये दांड्यासाठी भोक आहे. एका टोकाचे काठ छत्रीसारखे पसरले आहेत आणि दुसऱ्या टोकाला करंगळी बसेल एवढी अर्धगोल खाच आहे. याला काय म्हणावे? शिवाय सातपूरच्या कारखान्यांत ज्याला सरसकट ‘हॅमर’ म्हणतात, त्या तापलेले लोखंड ठोकणाऱ्या विजेवरच्या यंत्राला मराठीत ‘यांत्रिक हातोडा’ लिहावे की ‘यांत्रिक घण’?

उत्तर

आपल्याकडचे अवजार हातोडा नव्हे. हातोड्याचे तोंड पाणी देऊन कठीण केलेले असते, त्यामुळे त्याचे काठ असे पसरत नाहीत. पसरलेले डोके हे त्या वस्तूने घाव घातल्याचे नव्हे, तर सोसल्याचे लक्षण आहे. अनोळखी अवजार हाती आले की मी आधी हेच पाहतो. खाचेचे टोक तापलेल्या सळईवर ठेवायचे आणि डोक्यावर घण मारायचा, म्हणजे सळई गोल होते. कारखान्यात याला ‘स्वेज’ म्हणतात; मराठीत ‘गोलाईचा वरचा साचा’ म्हटल्यास अर्थ नेमका पोहोचेल. याचा जोडीदार, म्हणजे खालचा साचा, ऐरणीच्या चौकोनी भोकात बसतो. त्याला दांडा नसतो, चौकोनी शेपूट असते. पेटीत तेही आहे का, ते अवश्य पाहावे.

दांड्याच्या भोकाला ‘नेढे’ हा सुंदर शब्द आहे. सुईचे ते नेढे, कुऱ्हाडीचेही नेढे, आणि आपल्या जिल्ह्यातील कण्हेरगडाच्या कातळाला आरपार पडलेले भोक तेही नेढेच. अशा साच्याच्या नेढ्यात दांडा पाचर मारून घट्ट करत नाहीत. तो थोडा सैल ठेवतात, म्हणजे घणाचा हिसका धरणाऱ्याच्या मनगटापर्यंत जात नाही.

आता यंत्राविषयी. लोहाराच्या भट्टीपाशी दोन माणसे समोरासमोर असतात. लोहार एका हाताने सांडशीत लोखंड धरतो आणि दुसऱ्या हातातील हातोड्याने घावाची जागा दाखवतो. त्या जागी साथीदार दोन्ही हातांनी घण घालतो. यंत्राने जागा घेतली ती या साथीदाराची, लोहाराची नव्हे. सांडशी कोणत्या क्षणी फिरवायची, घाव कुठे पडू द्यायचा आणि यंत्र चालवणारी पायपट्टी किती दाबायची, हे अजूनही लोहारच ठरवतो. म्हणून ‘यांत्रिक घण’ हेच नाव मला योग्य वाटते, आणि याबाबत मी आग्रही आहे. ‘घण’ हा संस्कृत ‘घन’ शब्दापासून आला असून त्याच्या मुळाशी ‘हन्’, म्हणजे मारणे, हा धातू आहे. ‘हातोडा’ या शब्दात मात्र हातच आहे.

स्कॉटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी 1842 मध्ये पेटंट घेतलेला घण वाफेवर चालत असे. आजच्या लहान कारखान्यांत बहुधा दोन प्रकार आढळतात. एकात मोटारीचा फेरा कमानपाट्यांमार्फत (स्प्रिंगच्या पट्ट्यांमार्फत) वरच्या ठोकळ्याला उचलतो आणि आपटतो. दुसऱ्यात एका नळकांड्यात दाबलेली हवा दुसऱ्यातील दट्ट्या खालीवर करते. ‘50 किलोचा हॅमर’ म्हणतात तेव्हा ते वजन पडणाऱ्या भागाचे असते, सबंध यंत्राचे नव्हे.

प्रश्न

मनापासून आभार. भांडीबाजारात तांब्याची भांडी ‘मठारतात’ असे म्हणतात. मग लोखंडही मठारले असे लिहावे का?

उत्तर

नाही. मठारणे म्हणजे भांड्यावर हलके, एकसारखे ठोके जवळजवळ घालणे. तांबे थंड असतानाच मठारतात आणि त्यानेच ते ताठ होते. घणाखालचे लोखंड मात्र पिवळेजर्द तापलेले असावे लागते. लाली काळवंडू लागली की थांबून ते पुन्हा भट्टीत घालतात, कारण थंडावलेले लोखंड तडकते. त्या कामाला ‘घडणे’ हाच शब्द आहे.

एक विनंती आहे. आजोबांचा तो साचा कधीही यंत्राच्या घणाखाली धरू नये. यंत्रासाठीचे साचे मुद्दाम बुटके करतात; असा उंच साचा किंचित तिरपा झाला तरी पुढच्या घावाला निसटून उडतो. हाताच्या घणाने तो वापरायचा असेल, तर डोक्याचे पसरलेले काठ आधी घासून काढावेत, कारण त्यांचे तुकडे उडून डोळ्यात जाऊ शकतात.