आईचं अंग बाहेर यायचं, मावशीचंही. मलाही होईल का?

कऱ्हाडची_लेक
आईची गर्भपिशवी पन्नाशीच्या आतच खाली आली. हंडा उचलला, खोकला आला की अंग बाहेर यायचं. ती गपचूप मोरीत जायची, बोटाने आत सारायची आणि परत भांगलायला. कितीतरी वर्षं कुणाला बोलली नाही. मावशीचंही तेच. शेवटी दोघींची ऑपरेशनं झाली. आजीलाही होतं म्हणे. मी सहा महिन्यांची गरोदर आहे, पहिलीच खेप. हे आनुवंशिक असतं का? टेस्ट करून कळतं का? सासूबाई म्हणतात, "ओझी वाहिली म्हणून झालं, तुला कशाला होतंय?" सिझरच करून घेऊ का?

वॉर्ड_नंबर_नऊ
ताई, मी स्त्रीरोग विभागात काम करते. सासूबाईंचं अर्धं खरं आहे. ओझी, जुना खोकला, कुंथावं लागणं, वाढलेलं वजन, बाळंतपणं, सगळ्याने ताण येतोच. पण एकाच रानात राबणाऱ्या दोन जावांपैकी एकीचंच अंग का येतं? स्वीडनमध्ये 2008 साली जुळ्या बहिणींचा मोठा अभ्यास झाला. बाईबाईतला जो फरक, त्यातला 40 टक्क्यांच्या आसपास जनुकांचा निघाला. आईला किंवा बहिणीला असेल तर धोका साधारण अडीच पट धरतात.

टेस्टवर मात्र पैसे घालवू नकोस. 2022 च्या एका अभ्यासात त्रास असलेल्या 28,000 बायका तपासल्या, तर जनुकांत एक-दोन नाही, 26 जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा अगदी थोडा, त्यावरून तुझं भविष्य कुणी सांगू शकत नाही. वारशाने येतो तो पिशवी धरून ठेवणाऱ्या पेशीजालाचा, म्हणजे त्यातल्या कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा कच्चेपणा. म्हणून विचारते: तुझा अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का? कातडी फार ताणली जाते, जरा लागलं की काळीनिळी पडते? आईला हर्निया होता? हे डॉक्टरांना नक्की सांग. एहलर्स-डॅनलॉससारखा, म्हणजे कोलॅजनच कच्चं असण्याचा आनुवंशिक आजार असेल तर तो वेगळा तपासावा लागतो.

सिझरने धोका कमी होतो, पण नऊ महिन्यांचा भार पडतोच. शिवाय पुढच्या खेपेला वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याची भीती. नुसत्या घराण्यावरून ठरवू नकोस. बाळ ओढून काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावायची वेळ आली तर काय करायचं, ते आधीच विचारून ठेव. त्याने स्नायू जास्त फाटतात.

मिरजेची_माई
माझं चिमट्याचं बाळंतपण, नंतर अंग आलं. फिजिओने कीगल, म्हणजे पिशवीला खालून आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायाम शिकवले: वारा अडवल्यासारखं आकसायचं, श्वास रोखायचा नाही. लघवी मधेच अडवून सराव करू नकोस. आता पिशवी वर धरून ठेवायला आत सिलिकॉनची रिंग आहे, मीच काढते, धुते, बसवते. आणि पिशवी काढावीच लागते असं नाही गं. मुंबईच्या डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांनी ती वर बांधून घ्यायची ऑपरेशनं केव्हाच बसवली आहेत, तरण्या बायकांसाठी.

कऱ्हाडची_लेक
अंगठा टेकतो! आईचं हर्नियाचं ऑपरेशनही झालंय, हे कधी जोडून बघितलंच नव्हतं. सोमवारी तपासणी आहे, सगळं सांगते. माई, रिंग असताना शेतात काम होतं का?

मिरजेची_माई
होतं की. बसताना टोचली तर माप चुकलंय, बदलून घ्यायची. माझी दुसऱ्या मापाची बसली.